ओलं गोणपाट

आमच्या शाळेत पावसाळा लागला की दाराशी पाय पुसायला गोणपाट टाकतात. ते ओलं झालं की त्याचा आंबूस वास वर्गापर्यंत येतो. बाकीच्या शिक्षिका नाकाला पदर लावतात. मी मात्र उगीचच दोनदा पाय पुसते आणि तिथंच घुटमळते. दौलत गुरुजींना जाऊन वर्ष होत आलं, पण त्या वासानं ते अजून दारात येऊन उभे राहतात, उजव्या पायाचा पायजमा घोट्याच्या वर दुमडलेला, हातात पत्र्याचा डबा. मला त्यांची आठवण आली की आधी थोडा रागच येतो, मग रडू येतं. हा क्रम काही बदलत नाही.

पायजम्याचं आधी सांगते. सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून ते तो दुमडायचे. सायकल विकून कितीतरी वर्षं झाली तरी दुमडायचं काही सुटलं नाही. मी एकदा म्हटलं, "गुरुजी, सायकल गेली, आता तरी पायजमा खाली सोडा." त्यांनी पायाकडं पाहिलं, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "राहू द्या बाई, पायाले सवय झाली." असं साधं उत्तर द्यायलाही ते इतका वेळ घ्यायचे की ऐकणाऱ्याला त्यांचं वाक्य आपणच पुरं करावंसं वाटे. मला तर जन्मापासून घाई. आम्ही दोघं एकाच शाळेत आठ-नऊ वर्षं कशी काढली, हे माझं मलाच नवल वाटतं.

आमचं गाव आदिलाबादकडचं, गुडीहत्नूर मंडलातलं, म्हणजे तालुक्यातलं, हायवेवरून उतरून आत. शाळा मराठी माध्यमाची, वरून येणारे सरकारी कागद सगळे तेलुगूत. ते कागद वाचून उत्तरं लिहून देणं हे गुरुजींचं बिनपगारी काम. शिकवायचे भूगोल. आणि त्यांचा एक धडा कोणत्याच पुस्तकात नव्हता. पाऊस चांगला लागला की ते पाचवीच्या पोरांना घेऊन गावाबाहेरच्या नाल्यावर जायचे, पुलावरून पळसाच्या पानाच्या होड्या सोडायला लावायचे आणि विचारायचे, "नाला कुठं जाते?" मग सगळी पलटण होड्यांच्या मागं चिखलातून पळायची. होड्या वळणावर किसन पटेलांच्या खोलगट वावरात येऊन लागायच्या. पाणी चढलं की नाला तिथं काठ सोडून वावरात शिरतो. पटेल बांधावर उभे राहून ओरडायचे, "आले का गुरुजी तुमचे जहाजं? माह्या पिकाले काऊन तुडवून राह्यले रे पोट्टेहो?" ओरडून झालं की पोरांना शेंगा द्यायचे.

किसन पटेल आणि गुरुजी एका वर्गातले. गुरुजींचे वडील पटेलांच्या वडिलांकडं सालानं राबायचे. मालकाचा मुलगा आणि गड्याचा मुलगा एका पाटीवर शिकले, असं लोक कौतुकानं सांगतात. गुरुजी ते कौतुक ऐकून घ्यायचे आणि काही बोलायचे नाहीत. पण संध्याकाळी नाल्याच्या पुलावर दोघं शेजारी बसलेले मी कितीतरी वर्षं पाहिले. काय बोलायचे कोण जाणे. बहुतेक वेळा गप्पच असायचे.

दुसरी गोष्ट विंचवाची. मी शाळेत नवीन लागले होते. वर्गात फळ्याखाली विंचू निघाला, पोरं बाकांवर चढली आणि मी खुर्चीवर. गुरुजी शेजारच्या वर्गातून आले. मी ओरडले, "मारा, मारा." त्यांनी खडूचा डबा रिकामा केला, विंचवावर पालथा घातला, खालून पुठ्ठा सरकवला आणि कुंपणाबाहेर दगडांत नेऊन सोडून दिला. परत येऊन म्हणाले, "मारायचं काम काय? उचला अन् ठेवा." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाल असो, सापाचं पिल्लू असो, पाण्यात पडलेला मुंगळा असो, उचला अन् ठेवा. दर रविवारी विहारात वंदना तेच घ्यायचे. पंचशील म्हणताना पहिलं शील, प्राण्याची हिंसा करणार नाही हे, ते इतक्या सावकाश म्हणायचे की मागं बसलेली म्हातारी माणसंही प्रत्येक शब्द पुरा म्हणत. सोडलेला विंचू तिथून पुढं कुठं जातो, हे तेव्हा मी विचारलं नाही. पुढं ते कोणीच विचारलं नाही, आणि तिथंच सगळं बिघडलं.

निवृत्त झाल्यावर गुरुजींनी नाल्याच्या वरच्या अंगाला आपल्या तीन एकरांत लक्ष घातलं. थोडा कापूस, बाकी सोयाबीन. पहिल्याच पावसाळ्यात शेंबड्या निघाल्या. पाठीवर शंख नसलेल्या गोगलगाईला आमच्याकडं शेंबडी म्हणतात, आणि नावाप्रमाणंच ती असते. दिवसा ढेकळाखाली, पाल्याखाली लपते, अंधार पडला की निघते आणि नुकतं उगवलेलं कोवळं रोप बुडापासून कापून खाते. सकाळी वावरात जावं तर तासातली, म्हणजे पेरणीच्या ओळीतली, रोपं गायब आणि मातीवर चकाकत्या रेघा. मंडलाच्या शेतकी अधिकाऱ्यानं रैतू वेदिकेत, म्हणजे शेतकऱ्यांच्या सरकारी सभागृहात, सभा घेतली. तेलुगूत सांगितलं, गुरुजींनी मराठीत करून दिलं. गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवून संध्याकाळी बांधाच्या कडेनं अंथरायचं, सकाळी उलटायचं. वासानं आलेल्या शेंबड्या खाली जमा झालेल्या असतात, त्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. विषारी गोळ्याही मिळतात, पण त्या कुत्री खातात, मोर खातात, म्हणून हा उपाय बरा.

गुरुजींना हे भलतंच पटलं. गावभर गोणपाटं अंथरली गेली ती त्यांच्यामुळं. एकानं वेचून भागत नाही, शेजारच्याच्या वावरातून पुन्हा येतात, म्हणून सगळ्या शिवारानं एकाच सकाळी वेचायचं, असा त्यांनी नेम लावला. दारोदार जाऊन कड्या वाजवायचे. माझ्याही. मला शेत नाही, हे त्यांना माहीत होतं, तरी वाजवायचे. म्हणायचे, "बाई, तुमी उठल्या का शेजारीन उठते."

फक्त एक गोष्ट त्यांनी आपल्यापुरती बदलली. लोक वेचलेल्या शेंबड्या मिठाच्या पाण्यात टाकत. गुरुजी आपला डबा घेऊन नाल्यावर जात आणि पुलाखाली बेशरमीच्या झाडोऱ्यात सगळ्या सोडून येत. उचला अन् ठेवा. गावाला थट्टेला विषय मिळाला.

"काय गुरुजी, आज किती जनायची बदली केली?"

"असतील पाच-पन्नास."

"ऑर्डर तेलुगूत काहाडली का मराठीत?"

गुरुजी हसायचे. हसताना तोंडावर हात धरायची त्यांची सवय होती. मीही त्या थट्टेत होते. एकदा मी म्हटलं, "बघा हं, अर्ज करून परत येतील." सगळे खो खो हसले. आता ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते. दोन पावसाळे त्यांनी असे डबे रिकामे केले. पुलाखालची ओल, सावली, कुजका पाला. शेंबडीला याहून चांगली जागा कोणती?

तिसऱ्या वर्षी आषाढात नाला दोनदा काठ सोडून गेला. त्यानंतरच्या एका सकाळी मी शाळेचा तेलुगू कागद वाचून घ्यायला गुरुजींकडं गेले होते. ते नुकतेच वावरातून आले होते. भरलेला डबा ओट्यावर, वर झाकण. शांताकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा ठेवला होता. तेवढ्यात किसन पटेल आले. मुठीत सोयाबीनची कापलेली बुडखं होती. ती त्यांनी बाजेवर टाकली.

"गुरुजी, हे पाहा. दोनदा पेरलं. दोन्ही डाव शेंबड्याइनं खाल्लं. रान भादरल्यावानी झालं."

गुरुजी कळवळले. "तुमच्याकडं कुठून आल्या किसनभाऊ? मागल्या साली तं नव्हत्या."

पटेल डब्याकडं पाहत होते. "या कुठं सोडता तुमी?"

"पुलाखाली. बेशरमीत."

पटेलांनी अगदी हळू विचारलं, "नाला कुठं जाते, गुरुजी?"

तीस वर्षं ज्या माणसानं हा प्रश्न पोरांना विचारला, त्यानं डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"माह्या पोराले तुमीच शिकवलं ना हे? पानाच्या होड्या कुठं येऊन लागत होत्या? पिकाचं काई नाही, एखादं साल जाते. पन तुमाले माईत होतं. साऱ्या गावात तुमालेच माईत होतं."

"चुकलं किसनभाऊ," गुरुजी उठून उभे राहिले. "ध्यानातच नाही आलं. दवा टाकू नका, मोरं मरतात. मी येचतो. एकूनएक येचतो."

पटेल चहा न घेता गेले. त्या दिवसापासून ते गुरुजींशी बोलले नाहीत.

पटेल गेल्यावर गुरुजी काकूंना म्हणाले, "मीठ दे."

"किती?"

"हाय तेवढं."

त्यांनी बादलीत मीठ कालवलं आणि डबा ओतला. पाण्याला फेस आला. मी मान फिरवली. ते मात्र शेवटपर्यंत पाहत राहिले, हलले नाहीत. मग साबण लावून तीनदा हात धुतले. दुपारी जेवले नाहीत, असं काकूंनी नंतर सांगितलं.

त्या रविवारी विहारात त्यांनी वंदना घ्यायला दुसऱ्याला सांगितलं आणि स्वतः मागं भिंतीशी बसले. पहिलं शील आलं तेव्हा त्यांचं तोंड मिटलेलं होतं. दुसऱ्या शीलापासून आवाज लागला. लोकांना वाटलं घसा बसला असेल. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. शेवटी मी त्यांना चपला घालताना गाठलं.

"गुरुजी, हे काय चाललंय? शेतीत सगळेच मारतात. कोण एवढं मनाला लावून घेतं?"

"सगळ्यायचं मले माईत नाही बाई. रोज सकाळी मारून आयतवारी नाही मारत म्हनू कसा?"

"मग म्हणणारच नाही का कधी?"

त्यांनी नेहमीसारखा वेळ घेतला. "किसनभाऊ बोलला का म्हनन. ज्याच्या वावरासाठी मारून राह्यलो, त्यानं पुरे म्हनलं पायजे."

असं हे त्रांगडं. एक माणूस बोलत नाही म्हणून दुसऱ्याचं शील अडलेलं. मला दोघांचाही संताप यायचा.

रोज पहाटे, उजाडता उजाडता, ते पटेलांच्या वावरात जायचे. पटेलांनी या म्हटलं नव्हतं, येऊ नका असंही म्हटलं नाही. गोणपाट उलटायचं, वेचायचं, पुन्हा संध्याकाळी भिजवून अंथरायचं. पावसाळा संपला तरी काम संपलं नाही. पुलाखालची बेशरम त्यांनी मुळासकट खणून काढली. बांध साफ केले. उन्हाळ्यात नांगरटीच्या मागं वाकून चालायचे आणि ढेकळाखाली साबुदाण्यासारखी अंडी दिसली की उन्हात पसरायचे. पोरांनी बेडकाला दगड मारला की त्यांच्या अंगावर धावून जायचे, कारण बेडूक शेंबडीची पिल्लं खातो. त्या माणसाला चिडलेलं मी तेवढंच पाहिलं.

शांताकाकूंना ते सहन व्हायचं नाही. एकदा माझ्यासमोरच त्या कडाडल्या, "तुमच्या बापानं त्याच वावरात जलम घातला. तुमी शिकले, मास्तर झाले, अन् पुन्हा तेथीच वाकून राह्यले? शिकले कायले मंग?"

गुरुजी गोणपाट पिळत होते. म्हणाले, "बापाले बोलवत होते. मी न बोलवता जाऊन राह्यलो." काकू आत निघून गेल्या. त्यांचंही चूक नव्हतं.

पटेल विहिरीच्या मोटरपाशी असायचे, गुरुजी नाल्याच्या कडेला. मध्ये सगळं वावर. पटेलांची बायको बांधावर पाण्याचा तांब्या ठेवून जायची, आणि पटेल तो पाहून न पाहिल्यासारखं करायचे. दोन वर्षं अशी गेली. पहिल्या वर्षी अर्धं पीक हाती आलं, दुसऱ्या वर्षी त्याहून बरं. गेल्या पावसाळ्यात वावर असं उगवलं की तासात एक खाडा दिसेना. मला गुडीहत्नूरच्या बसस्टँडवर पटेल भेटले तेव्हा मी लाजलज्जा सोडून म्हटलं, "पटेल, आता तरी बोला ना गुरुजींशी. वाळत चाललेत हो ते."

पटेलांनी टॉवेलनं मान पुसली. "बोलन बाई. सोयाबीन फुलावर येऊ द्या." मला वाटलं, झालं काम. मी घरी येऊन काकूंना सांगितलंही. गुरुजींना सांगू नका म्हटलं, पटेलांच्याच तोंडून ऐकू दे. मोठी शहाणी मी.

सोयाबीन फुलावर यायच्या आत गुरुजींना ताप आला. भिजण्याचं निमित्त, छाती भरली. आदिलाबादला नेलं, आणि तिसऱ्या दिवशी घरी आणला तो देहच.

पाचव्या दिवशी किसन पटेल घरी आले. काखेत गोणपाटांची चळत होती, धुऊन वाळवून घडी घातलेली. ती कुठं ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं. अंगणात तशीच धरून उभे राहिले.

"वयनी, मी बोलनारच होतो."

काकू म्हणाल्या, "बसा. चहा ठेवते."

पटेल बसले. "दवाचा पुडा आनला होता मी, तवाच. तसाच हाय छपरात. त्यायनं टाकू नका म्हनलं, मी टाकला नाही." मग त्यांनी मांडीवरच्या गोणपाटांची घडी सारखी केली. "मांगच्या आठवड्यात त्यायनं गोनपाट वर करून दाखवलं मले. मी पाह्यलं वयनी. पाह्यलं, अन् मान खाली घातली. नुसता हात वर केला असता तरी झालं असतं."

एवढा दांडगा माणूस, टॉवेल तोंडाला लावून लहान पोरासारखा रडला. काकूंनी त्यांच्यासमोर चहा ठेवला. या वेळी त्यांनी तो घेतला. मला मात्र तिथं बसवेना, कारण ते कोणत्या सकाळचं बोलत होते ते मला ठाऊक होतं. मीही ती पाहिली होती.

मी बससाठी पुलावर उभी होते. पाऊस नुकताच थांबला होता, उजेड धड झाला नव्हता. पलीकडं गुरुजी पटेलांच्या वावरात होते, उजव्या पायाचा पायजमा दुमडलेला, शेजारी मिठाची बादली. त्यांनी पहिलं गोणपाट उलटलं. वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. दुसरं उलटलं. तिसरं, चौथं. कडेची सगळी गोणपाटं झाली आणि बादलीत त्यांनी काहीच टाकलं नाही. एकही शेंबडी नव्हती. त्या सकाळी त्यांना काही मारावं लागलं नाही.

ते सरळ उभे राहिले. लांब मोटरपाशी पटेल होते. गुरुजींनी शेवटचं गोणपाट दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं, खालची बाजू पटेलांकडं करून, वर्गात नकाशा धरावा तसं. ओले थेंब त्यांच्या तोंडावर गळत होते. पटेलांनी मान वर केली, पाहिलं, आणि पुन्हा मोटरवर वाकले. गुरुजी तसेच उभे राहिले. मग सावकाश वळले आणि त्यांना पुलावर मी दिसले. गोणपाट तसंच वर होतं. आता ते मला दाखवत होते.

माझी बस वळणावर दिसत होती. मी पिशवी उचलली, छत्री काखेत मारली आणि सुट्टे पैसे शोधायला लागले. दारात चढताना मागं वळून पाहिलं तेव्हा त्यांनी हात खाली केले होते. ते गोणपाट गुळाच्या पाण्यात बुडवून पुन्हा जागेवर अंथरत होते. हात वर करायला मला कितीसा वेळ लागला असता?